वॉलपेपर चढवणारा माणूस कुठे गेला?

वॉलपेपरचा इतिहास बहुतेक वेळा नक्षीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. डाळिंबाची वेलबुट्टी कधी आली, मखमलीसारखा लोकरी कागद कधी गाजला, विल्यम मॉरिसची पानं-फुलं घराघरांत कशी पोचली, याबद्दल देखणे ग्रंथ आहेत आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये नमुन्यांचा मोठा संग्रहही आहे. पण छापखान्यातून बाहेर पडलेली गुंडाळी हा अर्धवट माल असतो. खळ लागून, सांधे जुळून कागद सरळ रेषेत भिंतीवर बसला आणि पुढच्या दोन-चार हिवाळ्यांच्या ओलीत सुटला नाही, तरच त्याला वॉलपेपर म्हणायचं. हे चढवण्याचं काम इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात गाद्या-पडद्यांची सजावट करणाऱ्या उंची कारागिराचं होतं. एकोणिसाव्या शतकात ते पेपरहँगर नावाच्या मजुराकडे आलं आणि १९५०-६०च्या दशकांत सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको मिळून ते करू लागले. या बदलाची नेहमी दिली जाणारी कारणं तीन: मजुरी महागली, लोकांची स्वतःची घरं झाली आणि लोक हे काम शिकले. यातलं तिसरं मला पटत नाही. लोक फारसं काही शिकले नाहीत. पेपरहँगरच्या हातात जे कसब होतं ते कारखान्याने एकेक करून काढून घेतलं आणि खळीत, किनारीत, कागदाच्या धाग्यात भरलं. घरच्या माणसाने शिकावं असं त्यानंतर थोडंच उरलं.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो. घरी कागद लावणं ही विसाव्या शतकाची गोष्ट आहेच कुठे? इंग्लंडमधला सर्वांत जुना ज्ञात वॉलपेपर केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये १९११ साली सापडला. तो साधारण १५०९चा मानतात. तो लाकडी तुळयांवर चिकटवलेला होता आणि रद्दी झालेल्या छापील कागदांच्या कोऱ्या बाजूवर छापलेला होता. त्यातल्या एकावर आठव्या हेन्रीच्या राज्यारोहणाची द्वाही आहे. म्हणजे सुरुवातच काटकसरीच्या, हाताशी असेल त्यावर भागवण्याच्या वृत्तीने झाली. पुढे १७००च्या आसपासचं लंडनच्या एका कागदविक्याचं जाहिरातपत्रक उपलब्ध आहे आणि त्यात गिऱ्हाइकाला कागद कसा लावावा याच्या सूचना दिल्या आहेत. भिंतीच्या उंचीएवढे पट्टे कापा, वर आणि खाली बारीक खिळ्यांनी ठोका, दोन पट्ट्यांमध्ये सुमारे इंचभर जागा सोडा, आणि मग त्या फटीवर नक्षीदार काठाची पट्टी ठोका, असा तो क्रम आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला रीत सांगतो, त्या अर्थी घरच्या घरी हे काम होत असणारच.

आक्षेप खरा आहे, पण ते पत्रक नीट वाचलं तर तो माझ्याच बाजूने बोलतो. इंचभर फट सोडा, असं सांगण्यामागे हिशेब आहे. सांधा जुळवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कलम, आणि या पद्धतीत सांधा जुळवायचाच नाही. चूक कुठे होणार हे विक्याला ठाऊक होतं आणि ती झाकायला तो काठाची पट्टी विकत होता. कसब मालातच भरून देण्याचा हा पहिला नमुना म्हणायला हरकत नाही. कागद खिळ्यांनी ठोकायचा होता, कारण तो अजून कापडाची आणि सोनेरी चामड्याची नक्कल होता. भिंतीला तो चिकटलेला नव्हता, टांगलेला होता. पुढे नक्षी मोठी झाली, एका पट्ट्यावरचं फूल शेजारच्या पट्ट्यावर पुरं होऊ लागलं, आणि फट सोडण्याची सोय संपली. त्यासरशी काम घरच्या माणसाच्या हातून गेलं.

अठराव्या शतकात श्रीमंतांच्या घरी कागद लावणं हे जवळजवळ सुतारकाम होतं. भिंतीवर लाकडी पट्ट्या मारायच्या, त्यांवर तागाचं कापड ताणून बसवायचं, त्यावर साध्या कागदाचा थर द्यायचा आणि मग खरा वॉलपेपर. असं केल्याने भिंतीची ओल कागदापर्यंत पोचत नसे, शिवाय घर बदललं तर कापडासकट सगळं उतरवून नेता येई. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून चीनचे हाताने रंगवलेले कागद येऊ लागले तेव्हा ही काळजी आणखी वाढली, कारण त्यांत एकच नक्षी पुन्हा पुन्हा येत नसे. एकेका संचात वीस-पंचवीस किंवा अधिक पट्टे असत आणि सलग बाग, पक्षी, बांबू असं एकच चित्र खोलीभर फिरत असे. खिडकी, दार, शेकोटी जिथे येतील तिथे ते चित्र कापायचं आणि ते कापलेलं दिसू द्यायचं नाही, हे काम कोणावरही सोपवण्याजोगं नव्हतं. यॉर्कशायरमधल्या नॉस्टेल प्रायरी या वाड्यात १७७१ साली ते थॉमस चिपेंडेलच्या माणसांनी केलं. फर्निचरसाठी आज जगभर ज्याचं नाव घेतात तोच हा चिपेंडेल. त्याच्या बिलांत खुर्च्यांबरोबर कागद चढवण्याची मजुरीही असे. सांध्यात किंवा कोपऱ्यात चित्र तुटलंच तर उरलेल्या तुकड्यांतून एखादा पक्षी, एखादी फांदी कातरून तिथे डकवत. यॉर्कशायरच्याच टेंपल न्यूसम वाड्यात तर लेडी हर्टफर्ड यांनी आपल्या चिनी कागदावर ऑडुबॉनच्या अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या ग्रंथातून कातरलेले पक्षी चिकटवले. त्या ग्रंथाची आजची किंमत कोट्यवधी रुपयांत मोजतात, म्हणजे घरी केलेल्या सजावटीत इतकी महागडी कात्री क्वचितच चालली असेल.

मध्ये सरकारही होतं. १७१२ साली राणी ॲनच्या काळात इंग्लंडमध्ये छापील आणि रंगवलेल्या भिंतीच्या कागदावर चौरस यार्डाला १ पेनी कर बसला, दोनच वर्षांत तो दीड पेनी झाला आणि नंतर आणखी वाढला. कागदावर मागच्या बाजूने अबकारीचे शिक्के मारले जात. कर चुकवायला लोक कोरा कागद भिंतीवर लावून घेत आणि मग त्यावर रंगाऱ्याकडून नक्षी काढून घेत. १८०६ साली खोटा शिक्का मारणं हा फाशीच्या शिक्षेचा गुन्हा ठरला. हा कर १८३६ साली उठला. माझ्या मुद्द्यापुरतं त्याचं महत्त्व इतकंच की सव्वाशे वर्षं कागद मुद्दाम महाग राहिला, आणि महाग मालावर घरच्या माणसाने हात साफ करून घ्यावा असं कोणालाही वाटत नाही. एक पट्टा फाटला तर पेपरहँगरच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा नुकसान मोठं.

मग कर गेला आणि यंत्र आलं. लांबच लांब सलग कागद बनवण्याची कल्पना लुई-निकोला रोबेर या फ्रेंच माणसाची, १७९९ची. त्याआधी हातकागदाचे बारा ताव एकापुढे एक चिकटवून बारा यार्डांची गुंडाळी तयार करत. १८३९ साली लँकेशायरमधल्या डार्वेन गावी पॉटर मंडळींनी कापडछपाईचं रूळयंत्र कागदावर चालवून दाखवलं आणि एका दमात चार रंग छापले. इंग्लंडमधलं उत्पादन १८३४ साली सुमारे १२ लाख गुंडाळ्या होतं, १८५१ मध्ये ते ५५ लाखांच्या आसपास गेलं आणि १८७४ मध्ये ३ कोटी २० लाखांवर पोचलं. चाळीस वर्षांत पंचवीसपटीहून अधिक. गिरणीकामगाराच्या दोन खोल्यांतही आता कागद आला. महागाई हे एकच कारण असतं तर इथेच पेपरहँगरचा धंदा बसायला हवा होता. झालं उलटं. व्हिक्टोरियन काळात हा धंदा भरभराटीला आला, गावोगाव रंगारी आणि पेपरहँगर अशा पाट्या लागल्या. गरिबांनी स्वतः कागद डकवला नाही असं नाही. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असा डकवला आणि तो तसा दिसलाही. ज्याला तो बरा दिसायला हवा होता त्याने माणूस बोलावला. यंत्राने कागद स्वस्त केला होता, लावायला सोपा केला नव्हता.

अवघड काय होतं ते त्या माणसाच्या हातांकडे बघितलं की कळतं. गुंडाळीच्या दोन्ही कडांना सुमारे अर्धा इंच कोरी किनार सोडलेली असे, प्रवासात कड चुरगळली तरी नक्षी वाचावी म्हणून. ही किनार आधी कापायची. पेपरहँगर स्टुलावर बसे, गुंडाळी मांडीवरून उलगडत पायाशी सोडी आणि लांब कात्रीने नक्षीच्या कडेकडेने बारा यार्ड कापत जाई, हात न थांबवता. स्वस्त कामात एकाच बाजूची किनार कापून दुसऱ्या बाजूवर पुढचा पट्टा चढवत. तो चढ खिडकीकडे तोंड करून ठेवायचा, म्हणजे उजेड पडला की सांध्याची सावली पडत नाही. म्हणून काम खिडकीपासून सुरू करून आत आत न्यायचं, हा नियम. चांगल्या कामात दोन्ही किनारी कापून कडेला कड भिडवत, आणि तिथे कात्री केसभर हलली तरी भिंतीवर पांढरी रेघ दिसत राही. मग खळ. गव्हाचं पीठ थंड पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता उकळतं पाणी ओतत शिजवायचं. आंबू नये, किडू नये म्हणून तुरटी टाकायची. खळ घट्ट झाली तर कागदाखाली गाठी उमटतात, पातळ झाली तर रंग फुटून पुढे येतो. भिंतीवर आधी सरसाचा हात मारायचा, नाहीतर कोरडा गिलावा खळीतलं पाणी शोषून घेतो आणि कागद सरकवून नीट करायलाही वेळ मिळत नाही.

आणि सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे कागदाचा स्वभाव. ओला झाला की कागद रुंदीत फुगतो, आणि वाळताना पुन्हा आकसतो. खळ लावलेला पट्टा आतल्या बाजूने घडी घालून काही मिनिटं तसाच ठेवावा लागतो, म्हणजे फुगायचं तेवढं तो टेबलावरच फुगतो. घाई केली तर तो भिंतीवर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. एक पट्टा चार मिनिटं भिजला आणि शेजारचा दहा, तर दोघांची रुंदी वेगळी होते आणि चौथ्या-पाचव्या पट्ट्यापर्यंत फुलांची रांग चुकते. वाळताना आकसणारा कागद सांध्याला ओढतो. गिलावा भुसभुशीत असेल तर त्याचे पोपडे घेऊन कड वर येते. जाड, पातळ, लोकरी, वार्निश लावलेला, प्रत्येक कागदाचा भिजण्याचा वेळ निराळा. घड्याळ न बघता तो ओळखणं हेच पेपरहँगरचं भांडवल होतं. हे सगळं पुस्तकात लिहिता येतं, लिहिलेलंही आहे. पण वर्षातून एकदा एक खोली करणाऱ्याला ते वाचून येत नाही, कारण येण्याइतकी खोल्यांची संख्याच त्याच्या वाट्याला येत नाही.

खळीचा आणखी एक अध्याय आहे आणि तो काळा आहे. कार्ल शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५च्या सुमारास सोमल आणि मोरचूद यांच्यापासून हिरवा रंग तयार केला. १८१४ मध्ये त्याहून तेजस्वी एमराल्ड ग्रीन आला. व्हिक्टोरियन वॉलपेपरमधला हिरवा रंग बहुतांशी या दोन रंगांचा, म्हणजे विषाचा. १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एका घरातली चार मुलं पाठोपाठ दगावली तेव्हा बोट हिरव्या वॉलपेपरकडे दाखवलं गेलं. १८७९ मध्ये व्हिक्टोरिया राणीने बकिंगहॅम राजवाड्यातले हिरवे कागद काढून टाकायला लावले. मॉरिस मात्र ही सगळी डॉक्टरांनी उठवलेली हूल समजत राहिला. त्याच्या घराण्याची संपत्ती डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाणीत होती आणि तांब्याची ही खाण पुढे सोमलाची मोठी उत्पादक झाली, हे इथे नोंदवायलाच हवं. १८९३ साली बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्याने दाखवलं की ओलसर जागी खळीवर वाढणारी बुरशी रंगातल्या सोमलापासून विषारी वायू तयार करते. त्या वायूचं नेमकं रूप इंग्लंडमध्ये फ्रेडरिक चॅलेंजरने १९३३ मध्ये ठरवलं. तो वायू एवढा मारक नसावा, लोकांना बाधलं असेल ते रंगाच्या उडणाऱ्या भुकटीमुळे, असं अलीकडचे रसायनशास्त्रज्ञ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला जास्त सयुक्तिक वाटतं. पण वायू असो की भुकटी, पिठाची खळ हे बुरशीचं आणि किड्यांचं अन्न आहे हे त्या काळच्या आरोग्य सुधारकांना स्वच्छ दिसत होतं. जुन्या कागदांचे सहा-सात थर न काढता त्यावर नवा चढवणाऱ्या घरांवर त्यांनी टीकेची झोड उठवली. धुता येणारे वार्निशी कागद १८७०च्या दशकात बाजारात आले ते याच दबावाखाली.

आता विसाव्या शतकात एकेक कलम कसं कारखान्यात गेलं ते पाहा. किनार आधी दुकानदाराच्या यंत्रावर कापली जाऊ लागली, शतकाच्या मध्यानंतर गुंडाळी कापूनच येऊ लागली. स्टूल, लांब कात्री आणि न थांबणारा हात या तिन्हींची गरज संपली. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये पॉलिसेलसारख्या सेल्युलोजच्या खळी आल्या. त्या थंड पाण्यात ढवळायच्या, शिजवायच्या नाहीत. कागदाच्या पुढच्या बाजूला लागल्या तरी डाग पडत नाही, आणि कागद भिंतीवर सरकवायला भरपूर वेळ मिळतो. हा वेळ फार मोलाचा, कारण नवशिक्याची पहिली चूक तो दुसऱ्या प्रयत्नात सुधारतो. १९६०च्या दशकात व्हायमुरासारखे व्हिनिलचे वॉलपेपर आले, जे ओले असताना फाटत नाहीत. मागे वाळलेली खळ लावूनच आलेले कागद आले: पाण्याच्या पन्हाळीत बुडवायचे आणि चढवायचे. शेवटी सेल्युलोज आणि पॉलिएस्टरच्या धाग्यांपासून केलेला न विणलेला आधार आला. तो ओला होऊन फुगत नाही. त्यामुळे खळ कागदाला न लावता थेट भिंतीला लावायची आणि कोरडा पट्टा वरून सोडायचा. भिजण्याचा वेळ ओळखणं, जे पेपरहँगरचं खरं भांडवल म्हटलं, ते एका धाग्याने निकालात काढलं.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९१८ साली सुमारे २३ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, १९७१ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. भाड्याच्या घरात कागद लावणं बहुधा मालकाच्या गळ्यात असे. स्वतःच्या घरात ते आपल्या गळ्यात पडतं. युद्धानंतर मजुरी वाढली, शनिवारची सुट्टी आली. १९५७ मध्ये ‘डू इट युअरसेल्फ’ नावाचं मासिकच निघालं, आणि बीबीसीवर बॅरी बकनेल करवत-रंधा घेऊन लोकांच्या दिवाणखान्यात दिसू लागला. १९६२ साली त्याने एक अख्खं जुनं घर कार्यक्रमातून नव्यासारखं केलं. अमेरिकेत ‘टाइम’ साप्ताहिकाने या लाटेवर १९५४ मध्येच मुखपृष्ठ काढलं होतं. मग खळ आणि किनार यांचं एवढं कौतुक कशाला?

कौतुकाचं कारण असं की या सगळ्या गोष्टी गवंड्यालाही तितक्याच लागू होत्या. गवंड्याची मजुरी वाढली, घरमालकाच्या भिंतीचा गिलावा सुटत होता, बकनेल सगळ्यांसाठीच टीव्हीवर होता. तरी ब्रिटिश घरमालकाने स्वतः गिलावा करायला घेतला नाही. थापी आणि मनगट यांतलं कसब कोणी डब्यात भरून विकू शकलं नाही, म्हणून तिथे माणूसच बोलावला गेला. रंगकाम आणि वॉलपेपर ही दोन कामं मात्र घरी आली, आणि नेमक्या याच दोन कामांत माल बदलला होता: रंगात पाण्यात मिसळणारा इमल्शन पेंट, वॉलपेपरमध्ये वर सांगितलेलं सगळं. घराची मालकी आणि महाग मजुरी यांनी माणसाला हे काम स्वतः करण्याची इच्छा दिली. ती इच्छा कोणत्या कामात पुरी होईल हे मालाने ठरवलं.

पण हा युक्तिवाद उलट बाजूनेही तपासायला हवा, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईसारखं उदाहरण नाही. आपल्याकडे वॉलपेपर जुना नाही. चुन्याच्या किंवा शेणामातीच्या भिंती दरवर्षी नव्याने सारवायच्या, सफेदी करायची, कोकण-घाटावरच्या पावसात भिंत ओल धरते ती उन्हाळ्यात वाळू द्यायची. अशा भिंतीवर पिठाची खळ लावलेला कागद एका श्रावणात सुटला असता. ज्यांना भिंतीवर चित्रं हवी होती त्यांनी चितारी बसवला. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात ती भित्तिचित्रं अजून आहेत. गंमत म्हणजे साधारण त्याच पिढीत, १८०७ साली, अल्सेसमधल्या झ्युबर कंपनीने टॉमस डॅनियलच्या चित्रांवरून ‘हिंदुस्तान’ नावाचा खोलीभर पसरणारा वॉलपेपर छापला आणि इथली देवळं, घाट, हत्ती फ्रेंच भोजनघरांच्या भिंतींवर गेले. आपल्याकडे वॉलपेपर सर्रास आला तो गेल्या काही दशकांत, सिमेंटच्या गिलाव्याच्या, पुट्टी केलेल्या फ्लॅटच्या भिंतींवर. तो आला तेव्हा सगळं कसब आधीच मालात भरलेलं होतं. दुकानात मिळणारा रोल ५७ चौरस फुटांचा असतो, रुंदी २१ इंच, म्हणजे बारा तावांच्या काळातल्या इंग्रजी गुंडाळीची रुंदी जवळजवळ जशीच्या तशी. किनार कापलेली, खळ पुडीतली, आधार न फुगणारा. माझा मुद्दा पुरेसा असता तर पुण्यातल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी खळ कालवली जायला हवी होती. तसं होत नाही. दुकानदार रोल देतो आणि सोबत कारागिराचा नंबर देतो.

म्हणून मुद्दा थोडा सावरून घेतला पाहिजे. मालात कसब भरल्याने काम घरी करणं शक्य होतं, भाग पडत नाही. मजुरी परवडते तिथे माणूस बोलावला जातो, आणि या बाबतीत अर्थशास्त्रवाल्यांचं बरोबर आहे. पण पुण्याचं उदाहरण आणखी एक गोष्ट दाखवतं, जी इंग्रजी घरातून नीट दिसत नाही. इथला कारागीर बहुधा कोणाच्या हाताखाली सात वर्षं राबून तयार झालेला पेपरहँगर नसतो. तो रंगारी असतो, पडदे बसवणारा असतो, फरशी नाहीतर पीओपी करणारा असतो, आणि हे काम त्याला थोड्या दिवसांत जमतं. पेशाचा माणूस आणि घरचा माणूस यांच्यातलं अंतर इथेही मालानेच कमी केलं. इंग्लंडात घरचा माणूस पुढे आला, इथे शेजारच्या धंद्यातला.

या माणसाला काम करताना पाहिलं की मालात जे भरता आलं नाही तेही दिसतं. पहिला पट्टा लावण्याआधी तो ओळंबा सोडून पेन्सिलीने उभी रेघ मारतो, किंवा मोबाइलएवढ्या लेझरची लाल रेघ पाडतो. काम तेच, कारण खोलीचा कोपरा कधीच सरळ नसतो आणि पहिला पट्टा तिरका गेला की शेवटचा बोटभर तिरका जातो. शेवटचा पट्टा जिथे पहिल्याला येऊन मिळतो तिथे नक्षी जुळत नाही, ती कोणत्याही कारखान्यात जुळवता येत नाही, म्हणून हा न जुळणारा सांधा दाराच्या वर किंवा दारामागच्या कोपऱ्यात लपवायचा. पण त्याचा खरा वेळ कागद हातात घेण्याआधीच जातो. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला पंजा लावून ओल बघायची, ऑइलपेंटची जुनी भिंत असेल तर पॉलिश पेपरने घासायची, पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, प्रायमर मारून वाळू द्यायचा, आणि भिंत कागद धरणार नाही असं दिसलं तर गिऱ्हाइकाला नको म्हणायचं. त्याचं कसब आता जवळजवळ सगळं भिंतीच्या पारखीत आहे. मजुरी मात्र त्याला रोलवर मिळते.